एकाच सामानाच्या दोन मांडण्या : सांगलीच्या गावभागातलं एक घर

सांगलीत कृष्णेच्या पुराची पातळी आयर्विन पुलावर फुटांत मोजतात. 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका. ऑगस्ट 2019 मध्ये ती 57 फुटांच्या वर गेली आणि गावभागातल्या या घराच्या हॉलमध्ये साडेचार फूट पाणी उभं राहिलं. जुलै 2021 मध्ये पुन्हा दोन फूट. 2005 चा पूर ओट्याला लागून परत फिरला होता, त्यामुळे ‘आपल्या उंबऱ्याच्या आत पाणी येत नाही’ ही समजूत चौदा वर्षं टिकली आणि एका रात्रीत गेली.

दुसऱ्या पुरानंतर घरच्यांनी कोणीही केलं असतं तेच केलं. जे जे चांगलं होतं ते माडीवर चढवलं. खाली हॉलमध्ये उरल्या प्लॅस्टिकच्या सहा खुर्च्या, भिंतीला टेकवलेला सोफा आणि फुगलेलं टीव्ही युनिट. वर बावीस बाय बाराच्या माडीवर तीन कपाटं, दोन पलंग, दिवाण, ट्रंका आणि चादरीत गुंडाळलेली चित्रं. खाली घर ओकं आणि वर गोदाम, अशी तीन-चार वर्षं गेली. नातीचा साखरपुडा घरातच करायचा असं आजींनी सांगितलं, तेव्हा हा विषय निघाला. अटी तीन होत्या. नवीन फर्निचर घ्यायचं नाही. खर्च 45,000 रुपयांच्या आत. आणि घर पुन्हा मांडल्यावर पुढच्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता ओरडाआरडा होता कामा नये.

तिसऱ्या अटीनं सगळ्या कामाची दिशा ठरली. बारा महिने टिकेल अशी एकच मांडणी शोधत बसलं की नदीकाठच्या घरात दोनच गोष्टी होतात : एक तर चांगलं सामान पुरात जातं, नाही तर ते कायमचं वर अडकून पडतं. म्हणून इथे सुरुवातीलाच दोन मांडण्या धरल्या, एक दसरा ते मृग आणि दुसरी मृग ते दसरा. सामान तेच, जागा दोन.

मोजदाद

पहिले दोन दिवस एकही वस्तू हलवली नाही. शंभरपानी वहीत सगळ्याची यादी केली. लहानमोठे 40 नग भरले. त्यात फर्निचरचे 19, चित्रं-फोटो-आरसा मिळून 20 आणि एक मिरजेचा तंबोरा. शिवाय चौदा पाट, दोन चौरंग आणि पितळेची भांडी वेगळी. प्रत्येक नगापुढे चार रकाने : वस्तू काय, कशाची बनलेली, किती माणसांनी उचलते, आणि पाणी लागलं तर तिचं काय होईल. खरा निकाल चौथा रकाना देतो, म्हणून तो डोळ्यांनी पाहून भरायचा, आठवणीवर नाही.

उदाहरणार्थ, सोफा सगळे ‘सागवानी’ म्हणत होते. उलटा केल्यावर दिसलं, की हात आणि पाय सागवानी, पण बैठकीचा तळ प्लायवूडचा आणि वर फोम. म्हणजे पाण्यात टिकणारी चौकट आणि पाण्यात मरणारं पोट. टीव्ही युनिट एमडीएफचं होतं. अठरा मिलिमीटरची फळी खालच्या काठाला टेपनं मोजली तर तेवीस भरली. एमडीएफ लाकडाच्या तंतूंचा दाबलेला लगदा असतो. एकदा फुगला की सुकल्यावर मूळ जाडीवर येत नाही, आणि बिजागरीचा स्क्रू त्यात पुन्हा पकड घेत नाही. ते भंगारात गेलं. यादीतला टाकून दिलेला तो एकमेव नग.

भरीव सागवान मात्र दोन पूर पचवून उभं होतं. दिवाणाच्या सांध्यांतला सरस पाण्यानं विरघळून सांधे खिळखिळे झाले होते, एवढंच. सरस पाण्यात सुटतो ही इथे सोयीची गोष्ट ठरते, कारण सांधा न फोडता उघडता येतो, साफ करता येतो आणि पुन्हा चिकटवता येतो. भिजलेलं लाकूड उन्हात टाकणं ही मात्र पुरानंतर सर्रास होणारी चूक. बाहेरचा थर आधी सुकून आकसतो, आतला ओलाच राहतो आणि फळी फाकते. सावलीत, खाली विटांचे ठोकळे देऊन, चारही बाजूंनी वारा लागेल असं महिना-दीड महिना ठेवावं. ओलावा मोजायचं यंत्र सुताराकडे असेल तर बारा टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय पॉलिशला हात लावू नये. इथे वर्षं गेली होती, त्यामुळे लाकूड कोरडंच होतं.

हॉलची मांडणी

हॉल अठरा बाय अकरा, लांबी पूर्व-पश्चिम. पूर्वेला दार, पश्चिमेला माजघराचं दार, आणि दोन्ही दारं दक्षिणेच्या अंगाला. उत्तरेची भिंत बोळाकडची. तिला दोन खिडक्या आहेत, पण ऊन नाही. दक्षिणेची भिंत शेजारच्या घराची सामाईक, सलग अठरा फूट कोरी.

जुन्या मांडणीत सोफा दक्षिण भिंतीला आणि टीव्ही उत्तरेला होता. दोन्ही दारं दक्षिणेच्या अंगाला असल्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण सोफ्याला वळसा घालून बसलेल्यांच्या आणि टीव्हीच्या मधून जायचा. एवढ्यानं खोली अडचणीची वाटत होती. घरचे म्हणत हॉल लहान आहे. हॉल लहान नाही, रस्ता चुकीच्या जागी होता. दक्षिण भिंतीलगत दाराकडून दाराकडे सरळ तीन फुटांची वाट मोकळी सोडली आणि बैठक सगळी उत्तरेला घेतली. आता बसलेल्यांच्या समोर अठरा फुटांची कोरी भिंत आली. चित्रांची जागा आपोआप ठरली.

बोळाकडच्या भिंतीला लोणा लागलेला होता. 2019 नंतर खालचे चार फूट प्लास्टर काढून तिथे सिमेंटचं केलं होतं. जुनी भिंत मातीत रचलेल्या विटांची. तिला चुन्याचं प्लास्टर श्वास घेऊ देतं, सिमेंट देत नाही. आत अडकलेली ओल वर चढली आणि सिमेंट जिथे संपतं तिथे, चार फुटांच्या वर, पांढऱ्या क्षाराची पापडी धरली. पूर्ण प्लास्टर बदलणं बजेटात नव्हतं. पापडी कोरड्या ब्रशानं झाडली (ओल्या फडक्यानं पुसली तर क्षार पुन्हा भिंतीत मुरतो), प्लॅस्टिक रंग खरवडला आणि चुन्याची सफेदी दिली. चारही भिंतींना खालून साडेतीन फूट गेरूचा पट्टा चुन्यातच कालवून मारला. जुन्या घरांत असा पट्टा असायचाच. पूर आला तर तेवढाच पट्टा दोन दिवसांत आणि थोड्या पैशांत पुन्हा मारता येतो, म्हणून तो इथे फक्त शोभेचा नाही.

दिवाण उत्तर भिंतीलगत ठेवला, पण भिंतीपासून चार इंच सोडून, म्हणजे मागे वारा खेळतो. उशी पूर्वेला. झोपणाऱ्याचे पाय पश्चिमेकडे जातात, म्हणून पश्चिम भिंतीवर देवाचं चित्र लावायचं नाही हे त्याच वेळी ठरवलं. असल्या गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. नाही तर मांडणी झाल्यावर आजी काही बोलत नाहीत, फक्त तिथे झोपत नाहीत. दोन वेताच्या खुर्च्या दिवाणासमोर तिरक्या, आरामखुर्ची माजघराच्या दाराजवळ, काचेचं सागवानी कपाट पूर्व भिंतीला. बसणाऱ्या दोन माणसांत आठ फुटांपेक्षा जास्त अंतर पडू दिलं नाही. त्यापुढे गेलं की आवाज चढवावा लागतो आणि गप्पा मोडतात.

झोपाळा

सोफा माडीवर गेला तर खाली तिघा-चौघांची बसायची जागा कमी पडणार होती. उत्तर यादीतच होतं. साठ बाय बावीस इंचांची, दीड इंच जाड सागवानी फळी आणि पितळी कड्या, 1990 च्या दशकात काढून ठेवलेल्या. हॉलच्या पश्चिमेकडून तिसऱ्या तुळईला झोपाळ्याच्या दोन लोखंडी कड्या अजून होत्या.

झोपाळा पुन्हा टांगताना लोक साखळी तपासतात, वरची कडी कोणी बघत नाही. शिडी लावून बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर एक कडी जिथे साखळीचा आकडा घासतो तिथे झिजून निम्मीच उरली होती. ती रात्रभर तेल सोडून ढिली केली, काढली आणि नवी कडी नुसती ठोकली नाही, तुळईत आरपार भोक घेऊन बोल्टनं बसवली, वर तीन इंची चौकोनी लोखंडी पट्टी वॉशर म्हणून आणि दुहेरी नट. जोडीची दुसरी कडीही बदलली. जुनी बरी दिसत होती, पण दोघींचं वय एकच. तुळईला सुतारानं टोच्यानं ठिकठिकाणी टोचून पाहिलं. टोच्या पाव इंचापेक्षा आत गेला असता किंवा भुसा पडला असता तर झोपाळ्याचा विचारच सोडावा लागला असता. मग सिमेंटची पन्नास किलोची एकेक गोणी वाढवत चार गोण्या फळीवर ठेवल्या आणि रात्रभर तशाच राहू दिल्या. सकाळी तुळईखाली धरलेल्या दोरीवर वाक दिसला नाही. त्यानंतरच माणसं बसली.

झोपाळा पूर्व-पश्चिम झुलतो, त्यामुळे दक्षिणेच्या वाटेत येत नाही. पुढेमागे तीन-तीन फूट मोकळे ठेवले. आणि पूर आला तर चार आकडे काढून फळी वर न्यायला दोन माणसांना दहा मिनिटं लागतात. सोफ्याला चार माणसं आणि जिन्याच्या वळणावर अर्धा तास लागला होता.

पॉलिश

दिवाण, दोन खुर्च्या, आरामखुर्ची, काचेचं कपाट आणि आजोबांच्या हळदीच्या अडतीतलं उतरत्या झाकणाचं डेस्क, एवढ्यांना पॉलिश करायचं होतं. मेलामाईन की लाखेचं, यावर थोडी चर्चा झाली. मेलामाईन कडक आणि चकचकीत, पण पाणी लागून एकदा सुटलं की पूर्ण खरवडावं लागतं. लाखेचं पॉलिश पाण्यानं पांढरं पडतं, हे खरं. पण स्पिरिटमध्ये बुडवून घट्ट पिळलेल्या पुडीनं वरच्यावर घासलं की पुष्कळदा परत येतं, आणि ते काम घरचा माणूस करू शकतो. पुराच्या घरात दुरुस्त होणारं पॉलिश निवडावं, न बिघडणारं शोधत बसू नये. लाख घेतली.

प्रमाण : एक लिटर स्पिरिटला 120 ग्रॅम चपडा लाख, रात्रभर भिजत ठेवून मलमलीतून गाळलेली. लाकूड 120 नंबरच्या पॉलिशपेपरनं, मग 220 नं, नेहमी रेघेच्या दिशेनं. कापसाची पुडी मलमलीत बांधून पातळ हात द्यायचे, आठ ते दहा. प्रत्येक तीन हातांनंतर 320 नंबर हलका फिरवायचा. घाई करून जाड हात दिले की वरचा थर सुकतो, खालचा चिकट राहतो आणि उन्हाळ्यात त्यावर चादरीची वीण उमटते.

इथे एक दिवस वाया गेला. डिसेंबरचा मध्य, कारागीर सकाळी सातला कामाला लागला, आणि दुपारपर्यंत दिवाणाची पूर्ण पाठ दुधट झाली. कारण नदीवरचं धुकं. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि लाखेच्या थरात पांढुरकं अडकतं. भर पावसाळ्यात कोणी पॉलिश काढत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, कृष्णाकाठच्या हिवाळी सकाळी तोच धोका असतो हे लक्षात येत नाही. दुसऱ्या दिवशी अकरानंतर, ऊन वर आल्यावर, स्पिरिटच्या पुडीनं ती पाठ उतरवली आणि पुढचं सगळं काम अकरा ते चार या वेळातच केलं.

डेस्कवर वेगळंच दुखणं होतं. कोयंड्याभोवती आणि खिळ्यांच्या डोक्यांभोवती शाईसारखे काळे डाग. सागवानातलं टॅनिन आणि लोखंडाचा गंज पाण्यात एकत्र आले की असा डाग पडतो. घासून तो जात नाही, कारण तो वर नसतोच, लाकडात उतरलेला असतो. आधी लोखंडी कोयंडा, बिजागऱ्या आणि सुटतील तेवढे खिळे काढले. प्लॅस्टिकच्या टमरेलात एक लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवलं, डेस्कच्या तळाला बोटभर जागेत लावून पाहिलं, मग ब्रशानं पूर्ण झाकणावर सारखं दिलं. फक्त डागावर लावलं तर तिथे फिकट चट्टा राहतो. वीस मिनिटांत काळा डाग तपकिरी आणि मग लाकडाच्या रंगात मिसळत गेला. साध्या पाण्यानं तीनदा धुतलं, चिमूटभर धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानं एकदा, आणि दोन दिवस सावलीत सुकवलं. हे रसायन विषारी आहे. रबरी हातमोजे, चष्मा, मोकळी हवा, आणि पोरंबाळं लांब. सुकल्यावर त्याची पूड वर राहते, तीही मास्क लावूनच घासायची. कोयंडा परत बसवताना लोखंडी खिळ्यांऐवजी पितळी स्क्रू वापरले, नाही तर पुढच्या ओलीला डाग पुन्हा.

चित्रं

चादरीतून निघालेल्या चित्रांत चार जुन्या छापील तसबिरी होत्या : लक्ष्मी, सरस्वती, रामपंचायतन आणि शकुंतला. लक्ष्मीच्या शालूवर आणि दागिन्यांवर जर आणि टिकल्या शिवलेल्या. घरात कोणी त्यांना ‘कॅलेंडरची चित्रं’ म्हणायचं, तर कोणी ‘खरा रविवर्मा’. दोन्ही टोकाचं. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे दगडावरून एकेका रंगाचा वेगळा छाप घेऊन चित्रं छापत आणि वर वार्निश देत. त्याच धर्तीची चित्रं पुढे इतरांनीही छापली. म्हणून नुसतं वय किंवा विषय पाहून नाव लावू नये. दहापट भिंगाखाली पाहिलं तर फरक कळतो. दगडावरच्या छपाईत हातानं टिपलेले वेडेवाकडे, लहानमोठे ठिपके दिसतात. अलीकडच्या ऑफसेट छपाईत एकसारख्या ठिपक्यांची फुलं. इथे तीन चित्रं दगडावरची निघाली, शकुंतला ऑफसेट. तिन्हींची किंमत काढायची नव्हती, काळजी किती घ्यायची तेवढं कळणं पुरे होतं.

फ्रेम उघडल्यावर मागे देवदारी फळी होती आणि तिच्या गाठींचे तपकिरी ठसे कागदावर उमटले होते. कच्च्या लाकडातलं आम्ल कागदात उतरतं. सरस्वतीचा कागद काचेला थेट टेकलेला असल्यामुळे एका कोपऱ्यात वार्निश काचेला चिकटलं होतं. ते ओढलं नाही. ओढलं असतं तर रंग काचेवर आला असता. तेवढी काच कापून चित्रासोबत तशीच ठेवली आणि फ्रेमच्या काठाखाली झाकली. बाकी साफसफाई फक्त मऊ कोरड्या ब्रशानं. ओलं फडकं तर नाहीच, पावाचा तुकडाही चोळायचा नाही.

नवीन बांधणीत चौकटी जुन्याच ठेवल्या. चित्र आणि काच यांच्यामध्ये सुती, आम्लरहित बोर्डाचा माउंट, मागे त्याच जातीचा बोर्ड, त्यामागे पन्हळी प्लॅस्टिकचा पत्रा. जरीच्या लक्ष्मीला टिकल्या उंच असल्यामुळे माउंट दुहेरी. फ्रेमवाल्यानं पहिलं चित्र मागून सेलोटेपनं चिकटवून दिलं होतं, ते परत उघडायला लावलं. सेलोटेपचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदाच्या आरपार येतो. त्याऐवजी हातकागदाच्या बोटभर पट्ट्या गव्हाच्या खळीनं फक्त वरच्या काठाला लावल्या. चित्र लोंबतं राहतं, दमट हवेत फुगायला-आकसायला जागा मिळते, आणि खळ पाण्यानं कधीही सोडवता येते. जुन्या फळीमागचा फ्रेमवाल्याचा छापील कागद पाकिटात घालून नव्या पाठीला लावला. तो फेकू नये, घराचा इतिहास त्यावरच असतो.

आता टांगणं. मातीच्या भिंतीत ड्रिल लावलं की भोकातून रेती ओघळते आणि प्लग सैल पडतो. पण अशा घरांत भिंतीत लाकडी खांब पुरलेले असतात. बोटानं ठोकत गेलं की आवाज बदलतो, आणि जुन्या खुंट्याही त्याच रेषेत असतात. दक्षिण भिंतीत साधारण साडेपाच फुटांवर एकेक खांब सापडला. त्यांना आठ फूट उंचीवर दोन बाय एक इंचाची सागवानी पट्टी आडवी स्क्रू केली आणि सगळी चित्रं तिच्यावरून आकड्यांनी, दोन मिलिमीटरच्या पिळाच्या तारेनं सोडली. काच धरून एका तसबिरीचं वजन पाच किलोच्या आसपास, तार त्याला पुरून उरते. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे, म्हणजे भिंतीशी अर्ध्या इंचाची फट.

उंचीवर घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली. जुन्या पद्धतीत तसबिरी छताजवळ, पुढे झुकवून लावत, कारण बघणारे जमिनीवर बसलेले असत आणि चित्राला हात जोडायचे असत. आता बैठक सतरा इंचांवर आली आणि चित्रं मात्र आठ फुटांवरच राहिली होती. वर्तमानपत्राचे फ्रेमच्या मापाचे तुकडे भिंतीला लावून दोन दिवस पाहिलं. चित्राचा मध्य जमिनीपासून 57 इंचांवर आला, की दिवाणावरून आणि चालतानाही डोळा सहज जातो. तेवढा ठेवला. चारही मध्य एका रेषेत, दोन फ्रेमांत तीन इंच.

पण 57 इंचांवर मध्य म्हणजे खालचा काठ 2019 च्या पाण्याच्या रेषेखाली जातो. इथेच दोन मांडण्यांचा हिशेब कामी आला. मृगाच्या आधी चारही तसबिरी आणि हरिपूरच्या संगमाचं जलरंगातलं चित्र माडीवर जातात. त्याच आकड्यांवर पितळेच्या दोन पराती, एक घंगाळाचं झाकण, दोन बाटिक आणि आजींनी भरलेल्या मोरांची चौकट येते. पितळ भिजलं तर चिंचेनं घासता येतं. कागदाला चार महिने उजेडापासून विश्रांती मिळते, तीही त्याच्या आयुष्याला हवीच असते. जलरंग उजेडानं सगळ्यात लवकर उडतात.

फोटोंचा प्रश्न नाजूक होता. गेलेल्या माणसांचे अकरा फोटो हॉलमध्ये दाराच्या वर रांगेनं होते.

“अगं, ह्यांचा फोटो तेवढा खाली राहू दे,” आजी म्हणाल्या.

“आई, बाकीचे जिन्यात लावू. येता-जाता सगळे दिसतील,” सूनबाईंनी सुचवलं.

तसंच केलं. जिन्याच्या भिंतीवर दहा फोटो पायऱ्यांच्या चढाला समांतर लागले, सगळे पाण्याच्या रेषेच्या वर. आजोबांचा एक हॉलमध्ये, दक्षिण भिंतीच्या टोकाला. पावसाळ्यातही तो हलत नाही, म्हणून त्याचा मध्य मुद्दाम साडेसहा फुटांवर. त्या भिंतीची एकसारखी रेषा तिथे मोडते, आणि ते चांगलंच दिसतं.

माडी

वरची तीन कपाटं माडीच्या मध्यभागी पाठीला पाठ लावून उभी होती. भरलेलं लोखंडी कपाट दीड-दोनशे किलोचं होतं. तिन्ही मिळून पाच-सहाशे किलो दोनच तुळयांवर, तेही मधोमध, जिथे तुळई सगळ्यात जास्त वाकते. खालून दोरी धरली तर त्या तुळयांना पाऊण इंच झोळ होता. कपाटं भिंतींना नेली, तुळयांना आडवी, म्हणजे प्रत्येकाचं वजन तीन-चार तुळयांच्या टोकांवर वाटलं गेलं. झोळ थोडा कमी झाला, पूर्ण जाणार नाही.

मध्ये मोकळ्या झालेल्या जागेत सोफा, समोर तीन ट्रंका एकीला एक लावून त्यावर टीव्ही. ट्रंकांवर जुन्या इरकलींच्या काठांचं आच्छादन. तंबोरा घडवंचीजवळच्या कोपऱ्यात स्टँडवर, खिडकीपासून लांब, तारा ढिल्या करून. भोपळ्याला ऊन लागलं तर तडा जातो. तो मात्र बाराही महिने वरच राहील.

उजेडासाठी फार काही केलं नाही. हॉलमधली पांढरी ट्यूब काढून दिवाणामागे 9 वॅटचे दोन पिवळसर, 3000 केल्व्हिनचे दिवे, आणि चित्रांच्या भिंतीवर वरून 7 वॅटचे दोन. सागवान पांढऱ्या उजेडात राखाडी दिसतं, पिवळसर उजेडात त्याची रेघ उठते.

खर्च

सुतार सहा दिवस 6,600. पॉलिशची मजुरी 7,500, साहित्य 2,150. तिन्ही खुर्च्यांचा वेत 3,600. पाच चित्रांची बांधणी 7,250, आणि हा एक खर्च कमी करू नये. चित्रांची पट्टी आणि तार 2,400, झोपाळ्याच्या कड्या-बोल्ट 1,300, चुना-गेरू रंगाऱ्यासकट 4,800, दिवे 3,100, लोड-तक्क्यांची शिवण 900, हमाली 1,600. एकूण 41,200. साखरपुड्याला पंगत हॉलमध्येच बसली. दिवाण आणि खुर्च्या माजघरात सरकवून, झोपाळा काढून, चौदा पाट दोन रांगांत.

मृगाच्या आधी

काचेच्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. त्यावर दोन याद्या. पहिली, 5 जूनच्या आत माडीवर जायच्या वस्तू : पाच चित्रं, वेताच्या खुर्च्या, तक्के. दुसरी, पुलावर पातळी 40 फुटांना लागली की हलवायच्या वस्तू, त्याही क्रमानं : झोपाळ्याची फळी, डेस्क, आरामखुर्ची, दिवाण (आठ बोल्ट, चार तुकडे, पाना फळीखालच्या खणात), शेवटी कपाटातल्या वस्तू आणि आरसा. काचेचं कपाट जागेवरच राहतं. ते भरीव आहे आणि भिंतीला वरून पट्टीनं बांधलेलं आहे, म्हणजे रिकामं असताना तरंगून आडवं पडणार नाही.

जूनमध्ये पहिली यादी झाल्यावर दुसऱ्या यादीची एकदा रंगीत तालीम घेतली. मुलगा आणि शेजारचा एक तरुण, दोघांना दोन तास चाळीस मिनिटं लागली. त्यातली पस्तीस मिनिटं एकट्या आरशानं खाल्ली. तो चार स्क्रूंनी भिंतीत आवळलेला होता आणि एका स्क्रूचं डोकं झिजलेलं होतं. आता तोही चित्रांच्या पट्टीवर दोन साखळ्यांनी सोडला आहे.